तिसरा फोटो

सुरतेत घोट्यांचे हंगाम दोन. एक नवरात्रीचा, दुसरा उत्तरायणाचा. नवरात्रीत गरब्याच्या फेऱ्यात पाय मुरगळतो आणि उत्तरायणात पतंगाकडे बघत मागे मागे सरकणारा माणूस गच्चीच्या पायऱ्यांवरून खाली येतो. बाकी वर्षभर घोटे येतात ते खात्यांमधून. लूम्सच्या कारखान्याला आमच्याकडे खातं म्हणतात. तेलकट फरशी, अरुंद लोखंडी जिना आणि पायात झिजलेली स्लिपर, एवढं पुरतं.

उधना-दिंडोलीच्या बाजूला एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं एक्स-रे काढले. सगळ्यात जास्त काढले ते छातीचे. कापसाच्या तंतूंनी भरलेल्या छात्या मी इतक्या बघितल्या आहेत की रस्त्यात कुणी खोकलं तरी मान वळते. पण आता निवृत्तीनंतर आठवायला बसलं की घोटेच आठवतात. त्यातही एक.

आधी घोट्याचं सांगते. नडगीची दोन हाडं वरून खाली येतात आणि पायाच्या हाडाला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखी धरतात. आपण उभे राहतो ते या चिमट्यावर. तो नीट बघायचा तर तीन फोटो लागतात. पहिला समोरून. दुसरा बाजूने. तिसऱ्यासाठी पाय थोडा आत वळवायचा, अंगठा दुसऱ्या पायाकडे झुकेल इतकाच. मग बाहेरचं हाड आतल्या हाडाच्या आडून मोकळं होतं आणि चिमट्यातली फट सगळीकडून दिसते. पहिले दोन फोटो कुणीही काढेल. तिसऱ्याला माणूस ओरडतो. सुजलेला पाय वळवून, त्याला तसाच धरायला सांगून, पळत पडद्यामागे जाऊन बटण दाबायचं. कसब असतं ते तिथे.

माणसंही एकेक यायची. बारडोलीकडची एक म्हातारी पायात चांदीचं जड कडं घालून आली. नेमकं दुखतं त्या हाडावर ते कडं. मी म्हटलं, "माजी, हे काढावं लागेल." म्हणाली, "ज्यानं घातलं त्यालाच काढता येतं. तो तर गेला." शेवटी साबण लावून कडं वर पिंडरीपर्यंत सरकवलं, फोटो काढला आणि पुन्हा होतं तिथे आणून ठेवलं. एक लूममास्तर म्हणायचा, फोटो जरा मोठा काढा, शेठला दाखवायचाय. आणि फोटो काढल्यावर ठणका कमी झाला असं सांगणारे तर रोज दोन तरी. मी त्यांचं म्हणणं कधी खोडून काढलं नाही.

पण खोलीत थांबायचं कुणी नाही. रुग्ण आपला फोटो झाला की बाहेर. दवाखान्यातल्या लोकांचाही समज होता की त्या खोलीत किरण भरून राहिलेले असतात. मी कितीदा सांगितलं, बटण सोडलं की किरण संपले, विजेचा दिवा बंद केल्यासारखं. ऐकून मान हलवायचे. चहावाला माझा कप दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून दार वाजवायचा. मी बाहेर येईपर्यंत तो पुढच्या खोलीत पोचलेला असायचा. वडील इथल्या मराठी शाळेत मास्तर होते, ते लवकर गेले. लग्न माझं जमलं नाही, आणि मग आईच्या आजारपणात तो विषयच मागे पडला. आई गेल्यावर घरी माझं मराठी ऐकायला कुणी उरलं नाही. सगळा दिवस मी एकच वाक्य बोलत होते, "श्वास रोका. हं, सोडा."

अशात डॉक्टर हेतल आली. सोनोग्राफीसाठी नेमलेली, वयानं माझ्या भाचीएवढी. पहिल्याच आठवड्यात ती दाराबाहेरचा माझा कप उचलून सरळ आत आली, स्वतःचा दुसऱ्या हातात, आणि टेबलाच्या कडेवर बसली. "सुनंदाबेन, इथे किती शांत आहे!" ती गुजरातीत बोलायची, मीही गुजरातीतच उत्तर द्यायचे. पण तिनं माझ्याकडून 'बरं का' आणि 'अगं बाई' उचललं होतं. रोज अकराला ती यायची. अकरा वाजायच्या आधीच मी दुसरी खुर्ची पुसून ठेवायला लागले.

घोट्यांची गोष्ट सुरू झाली ती कामरेजच्या एका गरोदर सुनेपासून. अंगणात पाय घसरून घोटा सुजला होता. सातवा महिना. सासू एक्स-रेच्या खोलीचा उंबरा ओलांडू देईना. पोटावर शिशाचा जाड एप्रन घालतो, बाळाला काही होत नाही, सगळं सांगून झालं. सासू दारात हात आडवा धरून उभी. हेतल म्हणाली, चला, माझ्याकडे. तिनं सोनोग्राफीच्या टेबलावर त्या घोट्याला जेली लावली आणि हाडावरून हळूहळू प्रोब फिरवला. "सुनंदाबेन, जुओ ने," म्हणून मला पडदा दाखवला.

सोनोग्राफीत हाडाच्या आतलं काही दिसत नाही. आवाजाच्या लहरी हाडावर आपटून परत येतात, म्हणून हाडाची वरची कड तेवढी पांढऱ्या रेषेसारखी उमटते. खाली सगळा काळोख. रेष अखंड असली तर हाड धड, रेषेला पायरी पडली तर मोडलेलं. त्या सुनेची रेष अखंड होती. पंधरा दिवसांनी ती स्वतःच्या पायांनी तपासणीला आली.

तेव्हापासून हेतलनं मनावर घेतलं. आपल्याकडे सोनोग्राफीचं मशीन म्हणजे कुलपातली वस्तू. त्याची नोंदणी, दारावरची पाटी, कुठल्या डॉक्टरनं वापरायचं, कुठल्या खोलीत ठेवायचं, सगळं ठरलेलं. पोटातल्या मुलींना वाचवायला केलेला कायदा, आणि तो हवाच. पण त्यामुळे मशीन घोट्याकडे जात नाही, घोट्याला मशीनकडे जावं लागतं. मग आमच्याकडे असं दृश्य दिसायला लागलं की बाकावर चार पोटुशा बायका, आणि त्यांच्या मधोमध पाय लांब करून बसलेला एखादा मिशाळ लूमवाला, नजर छताला लावून.

हेतलनं मुख्य डॉक्टरांची परवानगी घेतली आणि वही सुरू केली. मुरगळलेला घोटा आला की रुग्णाला विचारायचं, त्याची हरकत नसेल तर आधी सोनोग्राफी, मग एक्स-रे. ती आपलं मत वहीत लिहायची आणि माझ्या फोटोकडे बघायचीही नाही. फोटो हाडांचे मोठे डॉक्टर बघायचे, त्यांना सोनोग्राफीचं काही ठाऊक नसायचं. आठवड्यानं दोन्ही मतं शेजारी मांडायची. दोन्ही जुळली तर बरोबरची खूण. नाही जुळली, तर सोनोग्राफी चुकली असं धरायचं, कारण खरं काय ते फोटो ठरवणार. म्हणजे मी. याचा मला अभिमान होता, लपवत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामाचा आधार धरून कुणी काही उभं करत होतं. मोठे डॉक्टर हसायचे, "बेटा, तू पोटातली बाळं बघ, हाडं आमच्यावर सोड." पण वहीत बरोबरच्या खुणा वाढत होत्या.

उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दारात बाकं पुरत नव्हती. मनगटं, कोपर, मांज्यानं कापलेल्या गालांची माणसं. त्या गर्दीत दुपारी कमल आली. नवागामची, मूळ शिरपूरकडची. खात्यात बॉबिन भरायच्या कामावर होती, उभ्याचं काम. जिन्यावरून दोन पायऱ्या चुकली होती. सोनोग्राफी झालेली होती. मी पहिले दोन फोटो काढले. तिसऱ्यासाठी पायाला हात लावला आणि ती अशी ओरडली की बाहेरची कुजबुज थांबली.

"मरनू वं माय! ताई, नका वो वळवू!"

आई घरात रागावली की वडिलांना अहिराणीतच बोलायची. 'वं माय' म्हणणारं माणूस त्या खोलीत आलं की माझे हात सैल पडायचे. बाहेर रांग होती. मी पाय होता तसाच ठेवला, पडद्यामागे गेले, बटण दाबलं आणि संगणकात त्या फोटोवर तिसऱ्याचं नाव टाकलं. खरं तर तो पहिलाच फोटो पुन्हा काढलेला होता.

मोठ्या डॉक्टरांनी गर्दीतच फोटो बघितले. "हाड चांगलं आहे. पट्टी बांधा, जमेल तसं चाला." कमलनं माझ्याकडे बघून हात जोडले.

आठवड्यानं हेतल वही घेऊन आली. चहाचा कप तिनं तसाच ठेवला. "बेन, या बाईच्या बाहेरच्या हाडावर मला पायरी दिसली होती. स्पष्ट. फोटोत काहीच नाही." तिनं संगणकावर फोटो उघडला आणि बराच वेळ बघितला. "हा तिसरा... पाय पूर्ण वळवला होता ना?"

"वळवला होता," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. एका क्षणासाठीही तिला शंका आली नाही. वहीत कमलच्या नावापुढे तिनं फुली मारली.

त्यानंतर दोन-चार दिवसांत तिचा हात बदलला. एका मुलीच्या घोट्यावर ती प्रोब फिरवत राहिली, फिरवत राहिली, आणि शेवटी वहीत 'नक्की सांगता येत नाही' असं लिहिलं. आधी ती असं कधी लिहीत नव्हती. शनिवारी अकराच्या चहाला म्हणाली, "सोमवारपासून घोटे बंद करते. मोठे डॉक्टर म्हणतात तेच खरं असेल. माझाच हात हलला असेल, अन् मी पायरी समजले."

मी कप विसळून ठेवला.

रविवारी रजिस्टरमधला पत्ता घेऊन मी नवागामला गेले. खात्यांना सुट्टी नव्हती, गल्लीभर लूम्सची खडखड. दोन ठिकाणी विचारून घर सापडलं. कमल घरी नव्हती. तिचा नवरा उंबऱ्यात बसून कांदा चिरत होता. म्हणाला, "ती कामावर ना. फोटो चांगला आला म्हणे, मग तिसऱ्याच दिवशी गेली. मालक किती दिवस जागा ठेवीन?"

"पाय कसा आहे तिचा?"

"सुजतो संध्याकाळी. चालते पाय ओढत."

मी खात्यात गेले. ती बॉबिनच्या रांगेपुढे उभी होती, सगळा भार उजव्या पायावर, डावा नुसता टेकवलेला. मला बघून ती घाबरली, मग हसली. "ताई, तुमी इथं?" मी म्हटलं, तुझ्या घरी जाऊन आले, उद्या सकाळी दवाखान्यात ये, पुन्हा फोटो काढायचाय. तिनं कारण विचारलं नाही. दवाखान्यातलं माणूस घरापर्यंत विचारायला आलं, याचंच तिला अप्रूप. शेजारच्या बाईला सांगत होती, "देखा, ताई आपला पाय देखाले उन्यात."

सोमवारी मी तिला आधी दहा मिनिटं नुसती बसवली. गुडघ्याखाली उशी दिली. पाय तळव्याकडून नाही, मांडीपासून हळूहळू वळवला, बोलत बोलत. ती कण्हली, ओरडली नाही. हे मला त्या दिवशीही करता आलं असतं. दहाच मिनिटं लागतात.

फोटोत बाहेरच्या हाडाला तिरकी भेग होती. आठवडाभर उभं राहून तिनं ती उघडली होती आणि चिमट्याची फट एका बाजूला रुंदावली होती. मोठे डॉक्टर गंभीर झाले. "आता प्लेट लागेल. पहिल्या दिवशी प्लॅस्टर घातलं असतं तर बहुतेक त्यातच जुळलं असतं." त्यांनी हेतलकडे बघितलं. "तुझी रेष खरी होती, बेटा. फोटोत तेव्हा आलीच नव्हती."

हेतलचा चेहरा उजळला. अकराला ती जवळजवळ धावतच माझ्या खोलीत आली. "बेन! बघितलंत? एक्स-रेनं सोडलं ते आम्ही पकडलं!"

मला गप्प बसता आलं असतं. उलट गप्प बसले असते तर सगळेच खूश राहिले असते.

"हेतल, एक्स-रेनं सोडलं नव्हतं. तिसरा फोटो मी काढलाच नव्हता. ती ओरडली म्हणून पाय वळवला नाही, आणि वर नाव तिसऱ्याचं टाकलं. तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले."

ती टेबलाच्या कडेवरून उतरली. वही तिच्या हातातच होती. कमलचं पान तिनं उघडलं, फुली खोडली, त्यावर काहीच लिहिलं नाही. मग पानं मागे चाळत गेली. सगळी वही.

"बेन, असे आणखी किती?"

"हा एकच."

"एकच," ती म्हणाली.

खरंच एकच होता. पण मी तिच्या जागी असते तर मलाही पटलं नसतं. तिच्या प्रत्येक बरोबरच्या खुणेखाली माझा एक फोटो होता, आणि आता त्या फोटोंखाली काही उरलं नव्हतं. तिनं वही मिटली. माझं नाव तिनं कुणालाही सांगितलं नाही. मुख्य डॉक्टरांकडे मीच गेले. ते रागावले, लेखी ताकीद दिली आणि दोन महिन्यांनी विसरले.

हेतल विसरली नाही. ती कधी वाकडं बोलली नाही. जिन्यात भेटली तर "केम छो, सुनंदाबेन?" म्हणायची. पण अकराला आली नाही. पहिले काही दिवस मी दुसरी खुर्ची पुसत होते. कप पुन्हा बाहेरच्या स्टुलावर यायला लागला. घोटे तिनं बंद केले ते केलेच. वर्षभरात बडोद्याला नोकरी लागून ती गेली. निरोपाच्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले, माझ्या हातावर पेढा ठेवून "आवजो" म्हणाली, आणि थोडी थांबली. मला वाटलं आता काही बोलेल. मागून कुणीतरी तिला हाक मारली.

हल्ली ऐकते की ठिकठिकाणी तातडीच्या विभागात सोनोग्राफीनं घोटे तपासतात. चांगलं आहे. कोणी मला विचारलं तर मी सांगेन, दोन्ही यंत्रं खरं बोलतात. वळवायचं तितकं वळवणारा आणि दिसलं ते लिहिणारा हात मात्र असावा लागतो.

कमलच्या पायात प्लेट बसली. हाड जुळलं, घोटा पूर्ण वाकेना. उभ्याचं काम सुटलं, आता घरी बसून साड्यांना लेस लावते. आणि दर आखाजीला, आमच्या खानदेशातल्या त्या मोठ्या सणाला, ती सांजोऱ्या घेऊन माझ्याकडे यायची. दोन रिक्षा बदलून, माझ्या तिसऱ्या मजल्यापर्यंत, एकेक पायरी दोनदा चढत. "तुमी घरी आल्या म्हणून माझा पाय राहिला, ताई. नायतर कोण येतं?" मी डबा घ्यायचे. डबा रिकामा देऊ नये म्हणून साखर भरून परत द्यायचे. सहा आखाज्या मी असंच केलं. त्या सांजोऱ्या मला एकटीला संपायच्या नाहीत, पण कुणाला द्यायलाही हात धजायचा नाही.

या वर्षी आखाजीच्या आधीच मी तिच्याकडे गेले. निवृत्त झाले होते, आता कुणी विचारणारं नव्हतं. ती लेस लावत बसली होती. चहा ठेवायला उठू लागली, मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. तिसरा फोटो कसा काढतात, मी कसा काढला नाही, नाव कसं टाकलं. पहिल्या दिवशी प्लॅस्टर झालं असतं तर काय झालं असतं, तेही.

ती ऐकत होती. सुई लेसमध्ये तशीच अडकलेली. मी म्हटलं, रागव, काहीही बोल. तिनं आपल्या पायाकडे बघितलं. मग माझ्याशी कधी बोलत नसे त्या घरच्या भाषेत हळूच म्हणाली,

"मी वरडनू म्हनीसन का?"

"नाही गं."

"मी वरडाले नको व्हतं. तुमले बी घाई व्हती. मनीच चूक शे, ताई."

"नाही, कमल. तुझी नाही."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं, वेगळ्या शब्दांत. ती मान हलवत होती, एखाद्या मोठ्या माणसाचा मान राखायला हलवतात तशी. तिला ते पटलं नव्हतं. आजही पटलं नसेल. मी उठले तर मी नको नको म्हणत असताना ती रिक्षापर्यंत सोडायला आली, गल्लीच्या खडखडाटात, भिंतीला हात लावत, एक पाय ओढत, आणि तिच्यासाठी मी सावकाश चालले तर तिला वाईट वाटेल म्हणून मी तिच्या पुढे चार पावलं चालत राहिले.